जुने गेम्स आणि आताचे गेम्स, डिझाइनमध्ये नक्की बदललं काय? (प्लॅटफॉर्मर बनवतोय, मदत हवी)

गोडोवाला_नाशिक

नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून गोडो नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साधा टूडी प्लॅटफॉर्मर बनवतोय, म्हणजे धावायचं, उड्या मारायच्या, काटे, खड्डे, वटवाघळं आणि शेवटी एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू. माझ्या डोक्यात गेम म्हटलं की मारिओ आणि कॉन्ट्राच येतात, कारण घरात मोठ्या भावाचा टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, ९९९९ इन १ वाली कॅसेट, आणि मी त्याच्यावरच वाढलो. त्यामुळे माझ्या गेममध्ये पण तीन लाइफ, चेकपॉइंट (मेल्यावर मधूनच परत सुरू व्हायची जागा) नाही, तिन्ही संपल्या की पहिल्या लेव्हलपासून. होस्टेलला पोरांना खेळायला दिला तर दुसऱ्या लेव्हललाच अर्ध्यांनी ठेवून दिला. एकजण म्हणाला, कठीण नाहीये रे, फालतू छळतोय. ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

दुसरीकडे आताचे मोठे गेम्स बघितले तर एकदम उलटं, चढायची भिंत असेल तिथे पिवळा रंग फासलेला, मॅपवर खुणाच खुणा, आणि कोडं नीट बघायच्या आत सोबतचं कॅरेक्टर उत्तर सांगून मोकळं. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकमध्ये तर ओरडावंसं वाटायचं की अरे दोन मिनिटं मला बघू तरी दे.

तर या दोन टोकांच्या मधे झालं काय? कुठल्या गोष्टी बदलल्या आणि का बदलल्या? 'आमच्या वेळी' टाइप उत्तरं नकोत प्लीज, कारणं सांगा, म्हणजे मला ठरवता येईल की जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं.

---

मुस्तफा_फॅन_मिरज

कारण हवंय ना, मग पैशापासून सुरुवात कर, डिझाइन नंतर.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या नाणं टाकायच्या मशीनचं गणित असं की एकजण जितका वेळ खेळतोय तितका वेळ दुसऱ्याचं नाणं पडत नाही. म्हणजे तुला मारणं हे त्या गेमचं कामच होतं. पण लगेच मारलं तर तू परत येणार नाहीस, म्हणून पहिली स्टेज सोपी, जरा मजा येऊ द्यायची, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या बॉसपासून पिळायला सुरुवात. आपण सगळे ज्याला मुस्तफा म्हणतो तो गेम, म्हणजे कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा, त्यात बघ. चारी बाजूंनी घेरलं की अटॅक आणि जंप एकदम दाबायचं, आपला माणूस गरकन फिरतो आणि सगळे आडवे. पण तो वार लागला की तुझीच हेल्थ, म्हणजे जीव मोजायची पट्टी, थोडी कापली जाते. सुटका पाहिजे तर ती पण विकतच घ्यायची. हे उगाच नाही ठेवलेलं, कॅपकॉमच्या फायनल फाइटमध्ये १९८९ सालीच हेच होतं. मग मेलास की कंटिन्यूचा आकडा ९ पासून उलटा सुरू, मागे उभी असलेली पोरं टाक टाक म्हणून ओरडतायत, आणि खिशात शेवटचं नाणं. त्या नऊ आकड्यांमध्ये जितका धंदा झाला तितका कशातच झाला नसेल. शिवाय मशीनच्या आत सेटिंग असायचं, मालकाला डिफिकल्टी कमी-जास्त करता यायची, त्यामुळे एकाच शहरात दोन पार्लरमध्ये तोच गेम वेगळा वाटायचा.

आता गंमत बघ, घरी टीव्हीवर खेळताना कोणी नाणं मागत नव्हतं तरी लाइफ, स्कोअर, गेम ओव्हर हे सगळं जसंच्या तसं कॅसेटमध्ये आलं, कारण बनवणारी माणसं पार्लरचेच गेम्स बनवत आलेली होती. तुझ्या गेममधल्या तीन लाइफ तिथून आल्यात मित्रा. तुझ्या गेमला नाण्याची जागाच नाही, मग त्या लाइफ कशासाठी आहेत हा प्रश्न तू स्वतःला विचार. निन्टेंडोने पण तो विचारला असणार, कारण २०१७ च्या सुपर मारिओ ओडिसीमध्ये त्यांनी लाइफच काढून टाकल्या, मेलास की दहा कॉइन जातात, बस. ज्या गेमने आपल्या सगळ्यांना वन-अप, म्हणजे जादा लाइफ, शिकवलं त्याच गेमने वन-अप काढला, यात सगळं आलं.

---

स्वरदा_लेव्हल्स

मुस्तफा फॅन दादांचं बरोबर आहे पण पैसा हे अर्धंच कारण, उरलेलं अर्धं म्हणजे जागा. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीचा आहे. आता व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो पण त्याहून मोठा असतो. ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, रंग बदललाय फक्त, नीट बघ दिसेल. आणि लेव्हल्स पण परत वापरल्यात, ५-३ (पाचव्या जगातली तिसरी लेव्हल) म्हणजे १-३ च आहे जास्त त्रासाची केलेली, ६-४ म्हणजे १-४. वॉर्प झोन, म्हणजे मधल्या लेव्हल्स गाळून पुढे नेणाऱ्या जागा, माहीत असले तर वेगाने खेळणारी माणसं तो गेम पाच मिनिटांच्या आत संपवतात. आता असा गेम लोकांनी महिनोन्महिने खेळायचा असेल तर एकच उपाय, तुला मागे पाठवत राहायचं. निंजा गायडन, १९८८ चा, त्यात शेवटच्या बॉसशी हरलास की थेट सहाव्या अंकाच्या सुरुवातीला. बॉस शिकायला मिळतो अर्धं मिनिट आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी आधीचं सगळं परत. तुझा मित्र ज्याला छळ म्हणतोय तो हाच, आणि खरं सांगायचं तर तेव्हा पण तो छळच होता, दुसरी कॅसेट घरात नव्हती म्हणून आपण तो सहन केला.

सेव्ह करायची सोय नव्हती हे पण आहेच. झेल्डा नावाच्या गेमच्या कॅसेटमध्ये सेव्हसाठी वेगळी बॅटरी घालावी लागली होती, बाकीचे लांबलचक पासवर्ड द्यायचे आणि आपण ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो.

पण जुन्यातलं जे ठेवण्यासारखं आहे ते म्हणजे शिकवायची पद्धत. आपल्याकडे कॅसेट डुप्लिकेट, मॅन्युअल कोणी डोळ्यांनी पाहिलं नाही, तरी मारिओ घराघरात खेळता आला. का? १-१ नीट बघ. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठे जायचं ते न सांगता कळलं. थोडं पुढे गेलं की तो तपकिरी शत्रू, गूम्बा, चालत येतो, नाही उडी मारली तर मेलास, पण नुकसान काही नाही, दोन पावलंच चालला होतास. मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा, त्यातून मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, पाइपला आपटून परत तुझ्याकडे येतं. नवीन माणूस त्याला शत्रू समजून उडी मारायला बघतो, पण वर ठोकळे आहेत, डोकं आपटून बहुतेक वेळा त्याच्यावरच पडतो आणि मोठा होतो. झालं शिकून. लेव्हलच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत, मधे जमीन, उडी चुकली तर काही होत नाही, आणि लगेच पुढे तसेच दोन जिने आहेत पण मधे खड्डा. आधी सराव मग परीक्षा, आणि एक अक्षर लिहिलेलं नाही. मारिओ बनवणाऱ्या मियामोतो आणि तेझुका यांनी हे १९८५ मध्ये केलंय आणि आजही लेव्हल बनवायला बसले की मी ती लेव्हल एकदा उघडून बघते.

आता न दिसणारा बदल सांगते, तुला सगळ्यात जास्त उपयोगाचा. २०१८ चा सेलेस्ट खेळलास का? सगळे म्हणतात भयंकर कठीण आहे, आणि आहेच, पण तो गेम गुपचूप तुझ्या बाजूने असतो. कड्यावरून पाय सुटल्यावर सुद्धा साधारण ०.१ सेकंद तुला उडी मारता येते, याला कोयोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंस तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी देतो. उडी मारताना डोकं ठोकळ्याच्या कोपऱ्याला अगदी काही पिक्सेलने लागत असेल तर तो तुला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. काटे दिसतात त्यापेक्षा मारतात कमी. हे सगळं खेळणाऱ्याला कळत नाही, त्याला वाटतं माझंच टायमिंग भारी आहे. आणि मेलं की लगेच त्याच खोलीत परत, हाताचा ताल तुटत नाही. याच्या उलट जुना कॅसलव्हेनिया, एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, आणि काही लागलं की मागे फेकला जातोस, नेमका खड्ड्यात.

तू कोयोटी टाइम टाकलायस का? नसेल तर बाकी सगळं सोड आणि आधी ते कर. तुझ्या मित्रांचा निम्मा राग तिथेच आहे असा माझा अंदाज.

---

आयजीआय_वेडा

मी दुसरी बाजू मांडतो कारण इथे सगळे जुन्या गेम्सना छळ म्हणून मोकळे होतायत.

प्रोजेक्ट आयजीआय, २०००. आपल्या पिढीच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि सायबर कॅफेत होता. मिशनच्या मधे सेव्ह नाही. अजिबात नाही. कुंपणाच्या बाहेर झोपून दुर्बिणीतून कॅमेरे कुठे आहेत, टॉवरवरचा स्नायपर कुठे बघतोय, कोणत्या बराकीतून किती जण बाहेर येतात हे सगळं बघायचं, मग एक-एक पाऊल. वीस-पंचवीस मिनिटं गेली की हाताला घाम यायचा, कारण आता मेलो तर सगळं गेलं. ती भीती गेमच्या ग्राफिक्समुळे नव्हती, सेव्ह नसल्यामुळे होती. २००३ च्या आयजीआय २ मध्ये मोजके सेव्ह दिले आणि मला तरी तेव्हाच काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. आताच्या शूटरमध्ये (बंदुकीच्या गेममध्ये) मी दार उघडून सरळ आत जातो, मेलो तर मेलो, दहा सेकंदांपूर्वीचा चेकपॉइंट आहेच. मग विचार करून खेळायचंच कशाला?

त्यामुळे गोडोवाला भावा, चेकपॉइंट टाक पण दर दोन उड्यांना टाकू नकोस एवढंच म्हणणं आहे.

---

विदर्भाचा_डूमगाय

आयजीआयवाल्या भावाचा मुद्दा पटला, त्यात अजून एक जोडतो कारण माझ्या मते शूटरमधला सगळ्यात मोठा बदल सेव्हपेक्षा हेल्थचा आहे आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात.

१९९३ च्या डूममध्ये हेल्थ म्हणजे लेव्हलमध्ये पडलेल्या पेट्या. तू २३ टक्के हेल्थवर असशील तर पुढचं दार उघडायच्या आधी मागे जाशील, राहिलेली खोली शोधशील, गुप्त दार आहे का बघायला भिंतींना ठोकत फिरशील. लाल चावी, निळी चावी, परत फिरून तेच चौक, म्हणजे अख्खी लेव्हल तुझ्या डोक्यात बसायची. मग २००१ ला हेलोमध्ये आपोआप भरणारं शील्ड आलं, आणि २००५ ला कॉल ऑफ ड्यूटी २ ने तर हेल्थच आपोआप भरायला लावली, आडोशाला बसा, स्क्रीनचा लाल रंग जाऊ द्या, परत उठा. डिझायनरला यात फार मोठी सोय झाली. त्याला आता पक्कं माहीत असतं की प्रत्येक मारामारीला खेळाडू पूर्ण हेल्थवर आहे, त्यामुळे प्रत्येक प्रसंग सुटा बनवता येतो, जितका पाहिजे तितका धूमधडाक्याचा. पण मागच्या मारामारीचा पुढच्या मारामारीशी संबंधच तुटला, आणि लेव्हल शोधायचं कारण पण गेलं, मग लेव्हल सरळ बोळासारख्या झाल्या. हे सगळं एका हेल्थच्या नियमामुळे.

आणि २०१६ चा नवा डूम का आवडला लोकांना? त्यांनी पेट्या ठेवल्या पण जोडीला हेल्थ राक्षसांच्या अंगातच घातली. अर्धमेला राक्षस जवळ जाऊन हाताने संपवला की त्यातून हेल्थ पडते. म्हणजे मरायला टेकलास तर लपायचं नाही, पुढे घुसायचं. एक नियम बदलला की माणूस कसा खेळतो ते बदलतं, डिझाइन म्हणजे माझ्यासाठी हेच आहे. तुझ्या गेममध्ये हेल्थ कशी आहे ते लिहिलंच नाहीस?

---

गोडोवाला_नाशिक

बापरे एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. हेल्थ नाहीये, एक लागला की मेला, कॉन्ट्रासारखं. स्वरदा ताई, कोयोटी टाइम नव्हता, काल रात्री टाकला, ०.१ सेकंदच ठेवलाय, आणि शपथ सांगतो तोच गेम आहे असं वाटत नाही. हाताला एकदम वेगळा लागतो. रूममेटला काही न सांगता दिला तर म्हणाला, लेव्हल सोपी केलीस का. लेव्हलला हात पण लावला नव्हता.

पण माझा पिवळ्या रंगाचा आणि खुणांचा प्रश्न राहिलाच.

---

बालमोराचा_पाहुणा

त्याचं मी सांगतो कारण हे माझ्या फार जवळचं आहे.

२००२ चा मॉरोविंड. गेम सुरू होतो, तुला एक पाकीट देतात आणि सांगतात की बालमोरा नावाच्या गावात जा आणि कायस कोसाडेस नावाच्या माणसाला दे. मॅपवर बाण नाही. पत्ता पण नाही. साऊथ वॉल नावाच्या खानावळीत जाऊन विचार एवढंच. म्हणजे तू गावात शिरतोस, नदी ओलांडतोस, पाट्या वाचतोस, लोकांना विचारतोस, आणि शेवटी एका खोलीत शर्टाशिवाय बसलेला एक म्हातारा भेटतो. पुढची सगळी कामं पण अशीच, रस्त्याने उत्तरेला जा, पूल लागला की डावीकडे वळ, दोन खडकांच्या मधे दार आहे. आणि ते चुकायचं, रात्र व्हायची, भलतीच गुहा सापडायची. तो मुलूख मला आजही पाठ आहे.

२००६ ला त्याच मालिकेत ऑब्लिव्हियन आला आणि होकायंत्रावर बाण आला. आता लोक म्हणतात खेळणारे आळशी झाले म्हणून बाण आला, मला ते पटत नाही. ऑब्लिव्हियनमध्ये सगळे संवाद आवाजात रेकॉर्ड केलेले आहेत, मॉरोविंडमध्ये बहुतेक सगळं वाचायचं होतं. प्रत्येक माणसाने रस्ता सविस्तर सांगायचा तर किती रेकॉर्डिंग करणार, आणि नंतर डिझायनरने एक खडक हलवला तर परत सगळं रेकॉर्ड करायचं. त्यापेक्षा बाण सोपा.

पिवळ्या रंगाचं पण कारण ग्राफिक्सच आहे. जुन्या गेममध्ये भिंतीवर शिडी काढलेली असेल तर ती शिडीच, बाकी भिंत सपाट, गोंधळ व्हायला जागाच नाही. आता भिंतीवर पाइप, वेली, तुटक्या विटा, खिडक्या, सगळं खऱ्यासारखं, आणि त्यातल्या एकाच गोष्टीला हात लावता येतो. मग खेळणाऱ्याला कळणार कसं? म्हणून रंग. २०२३ च्या रेसिडेंट ईव्हिल ४ च्या रीमेकमध्ये फोडायच्या पेट्यांवर पिवळा रंग आहे, त्यावरून लोक किती भांडले. पण तो रंग काढून टाका म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं की मग काय करायचं.

काय करायचं त्याची उत्तरं आहेत पण ती महाग आहेत. २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये जवळजवळ सगळ्याच भिंती चढता येतात, मग रंग लावायचा प्रश्नच संपला. उंचावर जायचं, दुर्बिणीतून बघायचं, आणि खूण तूच लावायची. शिवाय त्यांनी डोंगर-टेकड्या मुद्दाम त्रिकोणी आकाराच्या ठेवल्यात, म्हणजे एक टेकडी पलीकडचं थोडं झाकते, तू वर चढतोस किंवा वळसा घालतोस आणि पलीकडचं काहीतरी दिसतं, मग तिकडे जातोस. असं करत तीन तास जातात आणि मूळ काम बाजूलाच.

तुझा टूडी आहे म्हणून होलो नाइट बघच, तो पण २०१७ चाच. नवीन भागात शिरलास की मॅप नसतो. कॉर्निफर नावाचा एक नकाशे काढणारा कुठेतरी बसलेला असतो, त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, जमिनीवर त्याचे कागद पडलेले दिसतात, त्या मागावर जायचं आणि त्याच्याकडून नकाशा विकत घ्यायचा, तो पण अर्धवट. पुढचा भाग तू फिरशील तसा आणि बाकावर बसशील तेव्हा भरतो. आपण मॅपवर कुठे आहोत हे बघायला पण वेगळं होकायंत्र लावावं लागतं. मदत आहे, पुरेपूर आहे, पण ती गेमच्या जगातून येते, वरून चिकटवलेली नाही.

---

मृण्मयी_गेमडेव्ह

मी पुण्यात मोबाइल गेम्समध्ये काम करते, त्या बाजूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आधी गेम कॅसेटमध्ये गेला की संपला, चूक राहिली तर कायमची राहिली. आमच्याकडे रिलीज झाला की खरं काम सुरू होतं. कोणत्या लेव्हलला किती जण अडकले, कुठे ॲप बंद केलं, पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती परत आले, सातव्या दिवशी किती, हे सगळं सकाळी स्क्रीनवर असतं. एखाद्या लेव्हलमधले दोन शत्रू कमी करायचे तर अपडेट पण लागत नाही, सर्व्हरवरून आकडा बदलला की झालं.

याचा फायदा खरा आहे. माहितीची मोठी पाटी आली की लोक न वाचता बंद करतात हे आम्हाला आकड्यांतूनच कळलं, मग पाटी काढून लेव्हलच अशी केली की करूनच कळेल, म्हणजे फिरून स्वरदा म्हणते त्या १-१ कडेच. पण जो आकडा मोजतात त्याच्यासाठीच डिझाइन व्हायला लागतं आणि तिथे मी मीटिंगमध्ये भांडते. २०१२ चा कँडी क्रश घ्या, पाच लाइफ, गेलेली एक परत यायला अर्धा तास, थांबायचं नसेल तर मित्रांना मागा नाहीतर पैसे द्या. मुस्तफा फॅन दादांनी सांगितलेलं नाणं आहे हे, फक्त आता ते नाणं म्हणजे कधी पैसे, कधी तुमचा वेळ. रोज येऊन बक्षीस घ्या, सीझन संपायच्या आत पास पूर्ण करा, नाहीतर तो ड्रेस परत मिळणार नाही. ऑब्लिव्हियनने २००६ मध्ये घोड्याचं चिलखत वेगळं विकलं तेव्हा केवढी ओरड झाली होती, आज तेवढ्यावर कोणी मान पण वर करत नाही. पार्लरचा गेम निदान तोंडावर सांगायचा की नाणं टाक. आताचा गेम सांगतो फुकट आहे, आणि मग बारा वर्षांचं पोर रात्री अकराला मिशन पूर्ण करायचं म्हणून जागं राहतं. मला हे मनापासून खटकतं आणि त्या मुलांसाठी डिझाइन करणाऱ्यांना ते खटकायलाच हवं.

गोडोवाला, कॉलेज प्रोजेक्टमध्ये हे सगळं आणायचं काही कारण नाही, पण मोजायची सवय मात्र घे. खेळाडू कुठे मेला ते एका फाइलमध्ये लिहीत जा, एक्स आणि वाय, बस. नंतर ते ठिपके लेव्हलच्या चित्रावर काढ, कुठे काय चुकलंय ते आपोआप दिसेल.

आणि पुण्यातच बनलेला राजी जमलं तर खेळ, नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. त्यात कॅमेरा तुझ्या हातात नाही, म्हणून कुठल्या वळणावर काय दिसावं हे त्यांनी ठरवलंय आणि रस्ता शोधायला बाण फारसा लागत नाही.

---

एकाहाताने_खेळतो

माझा डावा हात नीट चालत नाही, जन्मापासून. कॉन्ट्रा मला कधीच खेळता आला नाही. मारिओत बी दाबून ठेवून धावायचं आणि त्याच अंगठ्याने ए बटणावर उडी, आणि डाव्या हाताने दिशा, माझ्यासाठी ते बंद दार होतं, भाऊ खेळायचा आणि मी बघायचो.

त्यामुळे सोपं केलं, हात धरून नेतात वगैरे वाचलं की मला बोलावंसं वाटतं. २०२० च्या द लास्ट ऑफ अस भाग दोनमध्ये ६० च्या वर ॲक्सेसिबिलिटीची (अपंग माणसालाही खेळता यावं म्हणून असलेली) सेटिंग्ज होती, सगळी बटणं बदलता येतात, दाबून धरायचं बटण एकदा दाबून चालू करता येतं, आणि अजिबात न दिसणाऱ्या लोकांनी सुद्धा तो गेम पूर्ण केलाय. सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे, गेमचा वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. मी वेग कमी करून तो डोंगर चढलो. मला तो कठीणच गेला, तुम्हाला गेला तेवढाच.

गोडोमध्ये इनपुट मॅप, म्हणजे कोणतं बटण काय करतं ती यादी, गेम चालू असताना पण बदलता येतो, तर बटणं बदलायची एक स्क्रीन दे. आणि असिस्ट मोडला 'सोपा' असं नाव देऊ नकोस.

---

गोडोवाला_नाशिक

दादा, तुमची पोस्ट वाचून आधी तेच काम हाती घेतलं, बटणांची स्क्रीन या आठवड्यात होईल, वेगाचा स्लायडर पण ठेवतोय.

आतापर्यंत ठरलंय ते असं, लाइफ काढल्या, मेला की त्याच खोलीच्या दारापाशी परत, आणि कुठे मेला ते फाइलमध्ये. पण बॉसचं अडलंय. बॉसच्या दारातच परत उभा केला तर आयजीआयवाले दादा म्हणतात ती भीती गेली, आणि लांब ठेवला तर निंजा गायडन झाला. काय करू?

---

आयजीआय_वेडा

भीती वेळ घालवायचीच असली पाहिजे असं नाही. डार्क सोल्स बघ, २०११ चा. मेलास की जवळचे सगळे सोल्स (शत्रू मारून मिळवलेली कमाई) तिथेच पडतात, परत तिथपर्यंत पोचलास तर मिळतात, वाटेत परत मेलास तर कायमचे गेले. बॉस तसाच, पण तुझं काहीतरी तिथे अडकलेलं आहे. आणि त्याच लोकांनी २०२२ ला एल्डन रिंगमध्ये बऱ्याच बॉसच्या बाहेरच परत उठायची जागा दिली. म्हणजे पळत परत यायचा जाच त्यांनी कमी केला, सोल्स पडायचा नियम मात्र ठेवला, फक्त तिथे त्यांना रून्स म्हणतात. एवढं मी मानतो. तुझ्या लेव्हलमध्ये गोळा करायचं काही असेल तर ते बॉसच्या खोलीत पणाला लाव.

---

स्वरदा_लेव्हल्स

दारातच उभा कर. पण बॉस छोटा ठेव, नीट खेळलं तर दीड मिनिटात संपणारा, आणि मधे चेकपॉइंट देऊ नकोस. त्याच्या प्रत्येक वाराच्या आधी खूण हवी, हात वर जाणं, आवाज, काहीही, पण प्रत्येक वेळी तीच. मेल्यावर माणसाला कळलं पाहिजे की कशाने मेलो. ते कळत असेल तर तो स्वतःहून परत येतो, आणि मेल्यापासून परत हातात कंट्रोल येईपर्यंत एका सेकंदाच्या वर वेळ जाऊ देऊ नकोस, मधे ते गेम ओव्हरचं संगीत वगैरे अजिबात नको. २०१० च्या सुपर मीट बॉयमध्ये मेल्याचं कळायच्या आत परत उभा असतोस, ते बघ एकदा.

आणि पोरांना खेळायला देशील तेव्हा मागे बस आणि तोंड बंद ठेव. तिथे उडी मार, अरे वर बघ, असं एकदा जरी बोललास तरी ती टेस्ट फुकट गेली, कारण गेमबरोबर तू सगळ्यांच्या घरी जाणार नाहीस. फक्त त्यांच्या हाताकडे बघ आणि लिहून घे. बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी तयार फाइल, झाली की इथे टाक, विंडोजची आणि जमलं तर अँड्रॉइडची पण, मी शनिवारी बसून खेळते आणि मेलेले ठिपके तुला पाठवते.